मानसशास्त्राची पदवी: घराजवळचे महाविद्यालय केव्हा घ्यावे, केव्हा घेऊ नये

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एका शेतकरी पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी कला शाखेतून ७४ टक्के गुण मिळवून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला मानसशास्त्रात पदवी घ्यावयाची आहे व पुढे समुपदेशक व्हावयाचे आहे. तालुक्याच्या गावी, चौदा किलोमीटरवर, कला महाविद्यालय आहे आणि तेथे 'मानसशास्त्र आहे' असे सांगण्यात आले आहे. जिल्ह्याचे ठिकाण ४६ किलोमीटरवर आहे. नातेवाईक म्हणतात, या विषयासाठी नागपूरच गाठले पाहिजे. शेजारचे एक शिक्षक म्हणतात, दूरशिक्षणाने घरबसल्या पदवी होईल, कशाला खर्च करता. कोरडवाहू शेती आहे, धाकटा मुलगा दहावीत आहे, आणि मुलीला लगेच शहरात ठेवण्यास तिच्या आईचे मन तयार नाही. अशा स्थितीत जवळचे महाविद्यालय घेतले तर मुलीचे नुकसान होईल काय, असा त्यांचा मुद्दा आहे.

ग्रामीण महाविद्यालयात हा विषय शिकविण्यात माझी बहुतेक नोकरी गेली आणि आजही प्रवेशाच्या दिवसांत असे पालक भेटावयास येतात. माझे मत असे की पदवीच्या तीन वर्षांसाठी गाव सोडण्याची घाई करू नये; बाहेर जाण्यासाठी जो पैसा आणि जी हिंमत लागते ती एम.ए.साठी राखून ठेवावी, कारण या क्षेत्रात माणूस घडतो तो पदव्युत्तर शिक्षणात आणि त्यानंतरच्या प्रत्यक्ष कामात. मात्र या मताला एक अट जोडलेली आहे आणि ती पूर्ण होत नसेल तर माझा सल्ला नेमका उलटा राहील. जवळच्या महाविद्यालयात मानसशास्त्र हा तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुख्य विषय म्हणून शिकविला गेला पाहिजे, तो शिकविणारा माणूस तेथे असला पाहिजे आणि प्रात्यक्षिके खरोखर झाली पाहिजेत. या गोष्टी जागेवर जाऊन तपासाव्या लागतात. माहितीपुस्तिकेवरून त्या कळत नाहीत.

'आमच्याकडे मानसशास्त्र आहे' या वाक्याचे आजच्या रचनेत निदान तीन अर्थ होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रमात मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम विषय म्हणजे मायनर आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने थोड्या श्रेयांकांसाठी, म्हणजे क्रेडिटसाठी, घ्यावयाचा खुला ऐच्छिक विषय, अशा वेगवेगळ्या जागा आहेत. एखाद्या महाविद्यालयात मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र हे मुख्य विषय असतात आणि मानसशास्त्र केवळ मायनर किंवा खुला विषय म्हणून असते. तेथून पदवी घेतलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर मानसशास्त्राचे नाव दिसते खरे, परंतु मानसशास्त्राच्या एम.ए.ला अर्ज करताना पदवीला हा मुख्य विषय होता काय, असे विचारले जाते तेव्हा ती अडते. शिवाय काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर शिकवून मुख्य विषय दुसऱ्या वर्षी निवडावयाचा असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळे सुरळीत दिसते आणि दुसऱ्या वर्षी विद्यार्थी कमी पडले म्हणून मानसशास्त्र मेजर म्हणून सुरूच होत नाही. मुलीला मग समाजशास्त्राकडे वळविले जाते. समाजशास्त्र वाईट विषय आहे असे नव्हे, पण ती त्यासाठी आलेली नसते.

म्हणून कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून 'मानसशास्त्र आहे का' असे विचारू नये. 'पाचव्या आणि सहाव्या सत्राला तुमच्याकडे मानसशास्त्र मेजर म्हणून आहे का, आणि या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती मुले आहेत' असे विचारावे. शक्य असल्यास तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक पाहावे. ते बहुधा सूचनाफलकावर लावलेले असते. तेथे बाबूजी उत्तर देण्यास कुचराई करीत असतील तर प्राचार्यांना भेटावे. आपल्याकडे पालक प्राचार्यांच्या दालनात जाण्यास संकोचतात, टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभे राहतात. त्याची काही गरज नाही, कारण विद्यार्थी मिळविण्यासाठी आज ग्रामीण महाविद्यालयेच घरोघर फिरत आहेत. विषयाला विद्यापीठाची संलग्नता आहे की नाही हेही विचारावे. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. तर चंद्रपूर व गडचिरोली २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे. संलग्नतेची खातरजमा त्या त्या विद्यापीठाकडेच होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची श्रेणी मोठ्या अक्षरांत फलकावर लिहिलेली असते, परंतु ती संपूर्ण महाविद्यालयाची असते. मानसशास्त्र विभागाची स्थिती तिच्यावरून समजत नाही.

आता शिक्षकाविषयी. विदर्भातील अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त आहेत आणि अध्यापन तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांवर चालते. सीएचबीचे, म्हणजे या तासिकेवरील, प्राध्यापक शिकविण्यात कमी असतात असा समज चुकीचा आहे. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली, मन लावून शिकविणारी कितीतरी मुले-मुली या तुटपुंज्या मानधनावर राबत आहेत. अडचण त्यांच्या गुणवत्तेची नसून नेमणुकीच्या वेळापत्रकाची आहे. सत्र सुरू होते जून-जुलैत, नेमणूक होते कधी पोळ्यानंतर, कधी त्याहून उशिरा, आणि पहिले सत्र तोवर अर्धे सरलेले असते. पूर्णवेळ प्राध्यापक असलेला विभाग मिळाला तर उत्तमच. नसेल तर गेल्या वर्षी तासिकेवरील प्राध्यापक कोणत्या महिन्यात रुजू झाले आणि तीच व्यक्ती सलग काही वर्षे येत आहे काय, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. मुले हे अगदी मोकळेपणाने सांगतात. एक पूर्णवेळ आणि एक नियमित येणारा तासिकेवरील प्राध्यापक, एवढे मनुष्यबळ असलेला लहान विभाग मला पदवीसाठी पुरेसा वाटतो. वर्गात वीस-पंचवीस मुले असतील तर नागपूरच्या गच्च भरलेल्या वर्गापेक्षा तेथे मुलीकडे अधिक लक्ष पुरविले जाण्याची शक्यता आहे.

प्रात्यक्षिकांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा उभारली तेव्हापासून मानसशास्त्र हा स्वतंत्र विषय मानला जाऊ लागला, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात येते, आणि तरीही आपल्याकडे हा विषय इतिहासासारखा, गाईड पाठ करून, शिकता येतो असे समजले जाते. विभागात गेल्यावर प्रयोगशाळा दाखविण्याची विनंती करावी. खोली लहान असली तरी हरकत नाही. कपाटात काय आहे ते पाहावे: आरशातून चित्र रेखाटण्याचे उपकरण, रेषांच्या लांबीबाबतचा दृष्टिभ्रम दाखविणारी म्युलर-लायर पट्टी, बोटाने वाट शोधण्याचा चक्रव्यूह, प्रतिक्रियाकाल मोजण्याचे साधन, चालू स्थितीतील स्टॉपवॉच, रेव्हनच्या आकृत्यांची किंवा भाटिया यांची बुद्धिमत्ता चाचणी, एखादी व्यक्तिमत्त्व चाचणी आणि त्यांची सूचनापुस्तके. उपकरणांवर धूळ असेल, मूळ खोक्यावरील चिकटपट्टीच निघालेली नसेल तर काय समजायचे ते समजावे. त्याच वेळी मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रयोगवही मागून घ्यावी आणि सलग दोन-तीन प्रयोग चाळावेत. सर्वांच्या वह्यांत एकच निष्कर्ष आणि जवळपास तेच आकडे असतील, तर ते आकडे फळ्यावरून उतरविलेले आहेत.

हे इतके बारकाईने का पाहायचे, ते एका प्रयोगावरून सांगतो. आरशातील रेखनाच्या प्रयोगात कागदावर दुहेरी रेषांची चांदणी छापलेली असते. विद्यार्थ्याचा हात पडद्याआड असतो. त्याला हात आणि चांदणी केवळ आरशात दिसतात आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची असते. समोर दुसरा विद्यार्थी प्रयोगकर्ता म्हणून स्टॉपवॉच घेऊन बसतो, वेळ लिहितो आणि पेन्सिल रेषेबाहेर गेली की चूक मोजतो. पहिल्या फेरीत हात कोपऱ्यावर अडकून थरथरतो, पेन्सिल भलत्याच दिशेला पळते, आणि प्रयोग देणारी मुलगी हसते किंवा चिडते. नंतरच्या फेऱ्यांत चुका व वेळ कमी होत जातात. उजव्या हाताने केलेल्या सरावाचा डाव्या हाताला काही लाभ झाला काय, तेही पाहता येते. यातून मुलगी अध्ययनाचा आलेख काढावयास शिकते हे तर आहेच. पण समोरच्या माणसाला नेमकी आणि प्रत्येकाला सारखीच सूचना कशी द्यावयाची, तो चिडला असता आपण मदतीचा शब्दही न बोलता शांत कसे बसावयाचे, जे घडले तेच कसे लिहावयाचे, हेही ती शिकते. समुपदेशकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला पुढे हेच लागते. ज्या मुलीने ही चांदणी कधी काढलीच नाही आणि आकडे मात्र वहीत भरले, तिचा पाया तेथेच ढासळलेला असतो, मग महाविद्यालय चौदा किलोमीटरवर असो की नागपूरच्या मध्यवस्तीत.

अंतराबाबत एक सुचवितो. किलोमीटर मोजू नका, एसटीचे वेळापत्रक मोजा. श्रेयांकांच्या हिशेबात सिद्धान्ताच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. म्हणजे प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्याने दुपारी थांबणे गृहीत आहे. आपल्या गावाकडे परत येणारी गाडी दीडला असेल आणि त्यानंतरची थेट सहाला, तर मुलगी प्रात्यक्षिक सोडून दीडची गाडी धरणार, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यासाठी मुलीला दोष देता येत नाही. गाडी गावात येते की फाट्यावर उतरून चालावे लागते, पावसाळ्यात वाटेतील नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो काय, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरी एक हात कमी पडतो म्हणून मुलीला थांबविले जाणार आहे काय, याचा विचार प्रवेशापूर्वी घरात मोकळेपणाने झाला पाहिजे. घराजवळ शिकण्याचा सर्वांत मोठा तोटा माझ्या मते हाच आहे: घरी असलेली मुलगी घरच्या कामाला सदैव उपलब्ध समजली जाते. ७५ टक्के उपस्थितीची अट कागदावर सगळीकडे असते, पण ती पाळली गेली पाहिजे ती वडिलांनी.

पासच्या बाबतीत बारावीपर्यंतची आणि पुढची स्थिती वेगळी असते. ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. पदवीला ती सोय संपते, परंतु विद्यार्थी पासावर भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. महिलांना मार्च २०२३ पासून मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटापेक्षा रोज जाणाऱ्या मुलीला हा पास स्वस्त पडतो. चौदा किलोमीटरचे जाणे-येणे या हिशेबात परवडते. ४६ किलोमीटरचे रोजचे जाणे-येणे पैशाने परवडले तरी शरीराला परवडत नाही. दोन्ही वेळच्या गाड्या धरून रोजचे तीन-साडेतीन तास रस्त्यावर जातात आणि संध्याकाळी पुस्तक उघडण्याचे त्राण उरत नाही. जिल्ह्याचे ठिकाण निवडावयाचे असेल तर तेथे राहण्याचीच व्यवस्था करावी.

राहण्याचा खर्च ऐकून पालक हबकतात, पण त्यात शासनाचा वाटा किती मिळू शकतो हे आधी पाहावे. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची मुलींची वसतिगृहे जिल्ह्याच्या आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशी तरतूद आहे, आणि आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती व डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी निरनिराळ्या असून कोणता अभ्यासक्रम आणि कोणते ठिकाण चालते हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावे लागते. मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी, ही २०२४ ची घोषणा ऐकून बरेच पालक निश्चिंत होतात. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बी.ए.ला लागू नाही. अर्थात अनुदानित महाविद्यालयातील बी.ए.चे शुल्क मुळातच फार नसते. विनाअनुदानित तुकडी असेल तर मात्र आकडा विचारून घ्यावा. एकाच इमारतीत, एकाच नावाखाली, दोन्ही प्रकार चालतात.

शेजारच्या शिक्षकांनी सुचविलेला दूरशिक्षणाचा मार्ग आता बंद झाला आहे, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. संसदेने २०२१ मध्ये आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात वर्तन-आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञांचा समावेश केला. त्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबविण्याचे आदेश दिले. पूर्वी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून हा विषय घेऊन अनेक जण पदवीधर झाले आहेत, त्यामुळे शिक्षकांचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे. तो केवळ जुना आहे. आजही कोणी 'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' म्हणून पैसे भरावयास सांगत असेल तर भरू नयेत. त्याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे काही महिन्यांत 'प्रमाणित समुपदेशक' करून देणाऱ्या जाहिराती. मोबाइलवर त्यांचा सुकाळ झाला आहे. तसे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, नोकरीच्या अर्जात त्याला फारसे कोणी विचारीत नाही.

मुलीला समुपदेशक व्हावयाचे आहे, म्हणून पुढचा रस्ता किती लांब आहे याची कल्पना पालकांना आजच असावी. केवळ बी.ए. करून सहसा समुपदेशक होता येत नाही, साधारणपणे एम.ए. लागते. मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस.नंतर त्या विषयात एम.डी. केलेले डॉक्टर असतात, तो रस्ताच वेगळा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते, आणि तिच्यासाठी आजवर एम.ए.नंतर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून दोन वर्षांचे एम.फिल. करावे लागे. आता नव्या धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद होत आहे. या विषयापुरती २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुदत दिली गेली आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले आहेत. आपली मुलगी त्या टप्प्यावर पाच वर्षांनी पोहोचणार असल्याने त्या नियमांची चिंता आज करण्याचे कारण नाही. मात्र एम.फिल.ला एम.ए.त ५५ टक्क्यांची अट होती आणि पुढेही अशीच काही अट असेल हे धरून चालावे, आणि सर्वसाधारण प्रतीची पदवी घेऊन नंतर बघू, ही भूमिका या क्षेत्रात चालत नाही हे ध्यानात ठेवावे. दरम्यानच्या वाटाही आहेत: समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. पदवी, विशेष शिक्षणातील बी.एड., एचआयव्ही चाचणी केंद्रांतील समुपदेशकाची पदे, स्पर्धा परीक्षा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो.

नातेवाइकांच्या 'नागपूरच' या आग्रहात एक गोष्ट खरी आहे: प्रादेशिक मनोरुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, विद्यापीठाचा पदव्युत्तर विभाग हे सर्व तेथे आहे, आणि एम.ए.च्या वेळी याचा फार उपयोग होतो. पण पदवीच्या मुलीला मनोरुग्णालयाच्या वॉर्डात कोणी बसवीत नाही. उलट या वयात तिने जे पाहावयास शिकले पाहिजे ते तिच्या गावातच भरपूर आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावातीलच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची ओळख, आधार आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवणी अशी साखळी त्यात उभी केली गेली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कोणाकडे तरी मदत मागत होते. दीड वर्षानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतकरी आत्महत्यांचा प्रदेश म्हणून विदर्भाचे नाव सगळीकडे घेतले जाते, पण नापिकीनंतर माणूस पारावर येणे का सोडतो, विधवा झालेली बाई सहा महिने कोणाशी का बोलत नाही, आणि तिला 'बाहेरचे लागले' असे म्हणून आधी कोठे नेले जाते, हे ज्याने घरातून पाहिले आहे त्याला नंतर पुस्तकातील नैराश्याचे प्रकरण वेगळे कळते.

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत, म्हणून जवळचे महाविद्यालय विद्यार्थ्यांना कोठे पाठविते हेही विचारावे. जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष, ग्रामीण रुग्णालयातील किशोरवयीनांचे समुपदेशन, मतिमंद मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम ही ठिकाणे बहुतेक तालुक्यांच्या आवाक्यात आहेत. गडचिरोलीकडील महाविद्यालयांना दारू व तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ'चे काम पाहता येते, वर्ध्याकडील विभागांना सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये जवळ पडतात. प्राध्यापकांनी 'प्रकल्प म्हणजे वीस पानांची फाईल' असे उत्तर दिले तर विभाग तेथे कमी पडतो, हे जाणून मुलीने स्वतः पुढाकार घ्यावा. वैद्यकीय अधीक्षकांना महाविद्यालयाचे पत्र घेऊन भेटल्यास नकार क्वचितच मिळतो.

माध्यमाचा प्रश्न पालकांनी विचारलेला नाही, पण तो पुढे येणारच. मुलीने पदवी मराठीतून करावी. बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तके मराठीत आहेत, आणि बारावीला हा विषय नसल्याने तिने ती प्रवेशापूर्वीच्या सुटीत वाचून काढावीत. मात्र नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच असते आणि एम.ए.च्या चांगल्या संस्थांतील वाचन इंग्रजीत असते. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक घटकाचे एखादे इंग्रजी प्रकरण मराठी टिपणासोबत वाचण्याची सवय लावली तर एम.ए.ला दचकावे लागत नाही. वऱ्हाडी बोलणारी, पदवीच्या वयात कोलामी किंवा गोंडी कानावर पडलेली मुलगी पुढे याच जिल्ह्यात काम करील तेव्हा तिच्यासमोर बसणारा माणूस लवकर मोकळा होईल, हा लाभ कोणतीही शहरी संस्था देऊ शकत नाही.

आता आपल्या प्रश्नापुरते. तालुक्याच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर असेल, प्राध्यापक जुलै-ऑगस्टमध्ये वर्गावर असतील आणि प्रयोगवह्या खऱ्या असतील तर तेथेच प्रवेश घ्यावा. मेजर नसेल तर कितीही जवळ असले, कितीही ओळखीचे असले तरी घेऊ नये. जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहाची सोय पाहावी. मेजर आहे पण प्राध्यापकांची खात्री नाही अशी मधली स्थिती असल्यास पहिले वर्ष तेथे काढून दुसऱ्या वर्षी महाविद्यालय बदलण्याचा पर्याय राहतो. त्यासाठी बदली त्याच विद्यापीठातील महाविद्यालयात करावी, कारण अभ्यासक्रम एकच असतो. अमरावती विद्यापीठातून मध्येच नागपूर विद्यापीठात गेल्यास श्रेयांक जुळविण्यात आणि स्थलांतर प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत सत्र निघून जाते. चार वर्षांची ऑनर्स पदवी त्या महाविद्यालयात आहे काय, हेही विचारून ठेवावे. ती केल्यास एम.ए. एका वर्षात होते. मात्र चौथे वर्ष लहान महाविद्यालयात करण्यापेक्षा तीन वर्षांनंतर बाहेर पडून दोन वर्षांचे एम.ए. चांगल्या विभागात करणे मला अधिक हिताचे वाटते.

प्रवेशाची घाई सुरू होण्यापूर्वी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर काढून ठेवावे, मुलीच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करावी आणि महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश निश्चित होताच भरावा. तो अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावर मंजुरीसाठी पडून राहतो अशी तक्रार नेहमीची आहे, म्हणून अर्जाची छापील प्रत शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाकडे नेऊन द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी मुलीनेच मोबाइलवर अर्जाची स्थिती पाहावी.